मधलं भांडं

मुलगी : …ते मला माहीत आहे, बाबा. तुम्ही आधी एवढंच सांगा, चौदा वर्षांपूर्वी सात मार्चला तुमच्या ऑफिसच्या छतावर काय झालं होतं?

बाबा : सात मार्चला? मला काल दुपारी काय जेवलो ते आठवत नाही.

मुलगी : काहीही. माझ्या शाळेच्या पहिल्या दिवशी हवेचा दाब किती होता, ते तुम्ही पाहुण्यांना सांगत असता.

बाबा : तो वहीत लिहिलेला होता, म्हणून आठवतो.

मुलगी : वहीच बघून आलेय मी. तुमच्या ऑफिसातून मागवून घेतली. सात मार्च, तुमचं अक्षर. 'अँटेना सुस्थितीत. काही बदल नाही.' खाली सही.

बाबा : मग झालं तर. सही दिसली ना?

मुलगी : दिसली. पण सोमवारी मला सगळ्यांसमोर उभं राहायचंय. कोणी विचारलं तर छाती ठोकून सांगायचंय, की त्या माणसाला मी समोर बसवून विचारलं. हे बघा, इकडे सरका. हा ग्राफ.

बाबा : हा आमच्या छतावरचा अँटेना?

मुलगी : तुमच्याच. बावीस वर्षांचा. तुम्ही जमीन मोजायला लावला होता, आता आमच्या हवामान खात्याकडे आलाय. उपग्रहाचा सिग्नल खाली येताना हवेतल्या ओलाव्यात जरा रेंगाळतो, बरोबर? तो उशीर तुम्ही काय करायचात?

बाबा : काय करणार? वजा. आमच्या लेखी ती चूक. आम्हाला हद्दीचा दगड कुठे आहे ते हवं असायचं, वर हवा कशी आहे ते नाही.

मुलगी : आणि तुमच्या त्या चुकीवर मी चार वर्षं पोट भरतेय. जेवढा उशीर जास्त, तेवढं डोक्यावरच्या हवेत पाणी जास्त. तुम्ही वजा केलात, पण मूळ फाइली टाकल्या नाहीत, हे माझं नशीब.

बाबा : टाकायच्या कशाला? मूळ मोजमाप कधी टाकू नये.

आई : चहा ठेवलाय हो. साखर घालू का, का बापलेकीचं गोडच चाललंय?

मुलगी : घाल, आई. बाबा, इथे बोट ठेवते. सहा मार्चपर्यंत ही रेघ खाली. सात मार्चला एकदम वर. आणि नंतर चौदा वर्षं वरच. आपल्या गावावरची हवा एका दिवसात ओली झाली आणि तशीच राहिली.

बाबा : एका दिवसात?

मुलगी : त्याच महिन्यात वरच्या अंगाला कालव्याच्या पाण्याने नवा तलाव भरला, आठवतंय? मी म्हणतेय, तलावाने गावाची हवा बदलली. असं इतकं स्वच्छ अजून कोणाला दिसलेलं नाही. माझी चार वर्षं यात गेलीत, बाबा. सोमवारी मान्य झालं, की माझ्या नावाने छापून येईल.

बाबा : तलाव काय एका दिवसात भरतो?

मुलगी : साहेबही हेच म्हणाले.

बाबा : आणि शेजारच्या गावचा अँटेना काय म्हणतो?

मुलगी : तो काहीच म्हणत नाही. म्हणून तर साहेब खनपटीला बसलेत. 'छतावर कोणीतरी काहीतरी हलवलं असणार, तपास करा.' मी म्हटलं, त्या छतावर माझे बाबा होते. त्यांनी पेन्सिलीचं टोक केलं तरी वहीत नोंद असते. त्यांच्या वहीत एक खोटी ओळ दाखवा, मी नोकरी सोडते.

बाबा : असं म्हणालीस?

मुलगी : सगळ्यांसमोर.

बाबा : नोकरीचं नको होतं म्हणायला.

मुलगी : का? लहानपणी मी गणितात एक आकडा गिरवून बदलला, तर तुम्ही पूर्ण पान परत लिहायला लावलंत. त्या माणसाच्या सहीवर मी उभी राहणार नाही तर कोणाच्या राहू?

बाबा : फोटो आहे का तुझ्याकडे? अँटेनाचा?

मुलगी : आहे की. मागच्या महिन्यात शेजारच्या गच्चीवरून काढला. अहवालात पहिल्याच पानावर घातलाय. हा बघा. खाली लिहिलंय, 'संरक्षक आवरणासह अँटेना'.

बाबा : संरक्षक आवरण.

मुलगी : हा वरचा पांढरा घुमट. कंपनीचंच असणार ना?

बाबा : मोठा कर जरा. हं. ऊन लागून पार पांढरं पडलं.

मुलगी : म्हणजे?

बाबा : अगं, ऐकतेस का? गॅस बारीक कर आणि जरा बाहेर ये. चष्मा घेऊन ये.

(आई चष्मा पदराने पुसत बाहेर येते.)

आई : काय झालं? माझ्या चष्म्याचं काय काम तुमच्या विज्ञानात?

बाबा : हा फोटो बघ. हे वर पांढरं दिसतंय ना, ते ओळखतेस का?

आई : हे? आण इकडे. हे काठाला दुमडलेलं… आणि ही बाजूची चीर, गरम कढई टेकली होती तेव्हाची. अहो, हे माझं मधलं भांडं आहे.

मुलगी : काय आहे?

आई : माझं निळं प्लास्टिकचं भांडं. तीन भांड्यांच्या संचातलं मधलं. मोठं आणि लहान अजून आत फळीवर आहेत, आणून दाखवू? हे तिकडे खांबावर काय करतंय?

मुलगी : बाबा.

बाबा : सात मार्च. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. अँटेनावर उपडं घातलं आणि चार बाजूंनी तारेने बांधलं.

मुलगी : स्वयंपाकघरातलं भांडं?

बाबा : जाड होतं. आणि बरोबर मापाचं होतं.

आई : चौदा वर्षं. अहो, मी जाऊबाईंवर आळ घेतला. त्या आदल्याच आठवड्यात येऊन गेल्या होत्या. तीनदा मी आडून आडून विचारलं, 'चुकून तुमच्याकडे तर नाही ना आलं?' शेवटी बिचारीने बाजारातून नवं आणून दिलं मला.

बाबा : माहीत आहे.

आई : माहीत आहे? आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात? मी ते नवं भांडं घेतलंसुद्धा. वर म्हटलं, 'असू दे हो, होतं असं कधी कधी.'

मुलगी : आई, थांब. एक मिनिट. बाबा, प्लास्टिकमधून येताना सिग्नलला आणखी उशीर होतो.

बाबा : होतो. मला दुसऱ्याच दिवशी कळलं. अँटेनाची उंची सहा मिलिमीटरने वाढलेली दिसायला लागली. मी प्रत्येक निकालातून ती वजा करत गेलो. आठ वर्षं, रिटायर होईपर्यंत. कोणाच्या कुंपणाला केसभर धक्का लागू दिला नाही.

मुलगी : जमीन सांभाळलीत.

बाबा : हो.

मुलगी : आणि मूळ फाइली तशाच राहिल्या. भांड्यासकट.

बाबा : हवा कोणी मागायला येईल, असं तेव्हा वाटलं नव्हतं गं. तेही घरातलंच कोणी.

मुलगी : म्हणजे तलाव नाही, काही नाही. मी चार वर्षं आईच्या भांड्याचा अभ्यास केला.

आई : रडतेस की हसतेस?

मुलगी : मलाच कळत नाहीये. बाबा, तुम्ही रिटायर होताना निदान काढून तरी आणायचं.

बाबा : काढलं असतं तर आणखी एक उडी आली असती. मागून येणाऱ्याला दोन दोन उड्या कशाला? म्हटलं, एकच राहू दे.

मुलगी : हे ऐकून मला राग यायला हवा, आणि पटतंय. हीच तर पंचाईत आहे.

बाबा : राग कर. तुझा हक्क आहे.

मुलगी : आत्ता गप्प बसला असतात तरी चाललं असतं. सही होती. सोमवार पार पडला असता.

बाबा : पडला असता. पण तू माझ्या सहीवर उभी राहणार होतीस. ती सही पोकळ आहे, हे मला एकट्याला माहीत. मुलीला अशा फळीवर उभं करून मी इथे चहा पीत बसू?

आई : चहा उतू गेला वाटतं. जाऊ दे, पुसते नंतर. काय गं, सगळंच गेलं का तुझं?

मुलगी : बघते. लॅपटॉप दे इकडे. सात मार्चला रेघ कापते. आधीची आठ वर्षं वेगळी, नंतरची चौदा वेगळी. मग ही खालची उचलून वरचीला जोडली, की उडी गेली.

बाबा : सपाट झाली?

मुलगी : थांबा. नाही. हे बघा, आधीची आठ वर्षं जराशी चढतात. आणि नंतरची चौदा… तीही चढतात. जवळजवळ तेवढ्याच वेगाने.

बाबा : चष्मा दे गं तुझा. कुठे चढते?

आई : माझ्या चष्म्याने तुम्हाला काय दिसणार? अहो, सरळ दिसतंय, शेवट वर आहे.

मुलगी : बावीस वर्षं, हळूहळू. उडीच्या नादात मी या चढाकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. शेजारच्या गावीही असाच चढ आहे, आणि त्याच्या शेजारीही. मी तो सोडून दिला होता, बारीक आहे म्हणून.

बाबा : एवढासा?

मुलगी : एवढासाच. कोणी टाळ्या वाजवणार नाही. पण खरा आहे. भांडं असो नसो, हवेत पाणी वाढतंय.

बाबा : म्हणजे नोकरी सोडायला नको.

मुलगी : सोमवारी आधी हसं होईल. मग साहेब म्हणतील, भांड्याचा नक्की उशीर किती, ते मोजून आणा. शेजारी दुसरा अँटेना लावते. आठ दिवस भांड्यासकट, आठ दिवस भांड्याशिवाय. मग जोड पक्का बसेल. हुश्श. जीव भांड्यात पडला.

आई : त्याच भांड्यात का?

मुलगी : आई, आता मला हसवू नकोस. बाबा, ही तुमची वही. आणलीय मी. दुरुस्ती घाला.

बाबा : जुन्या ओळीवर काही गिरवायचं नाही.

मुलगी : मला शिकवताय? खाली नवीन ओळ, आजची तारीख. सांगा, मी लिहिते, सही तुम्ही करा.

बाबा : लिही. 'चौदा वर्षांपूर्वीच्या सात मार्चच्या नोंदीची दुरुस्ती. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी अँटेनावर प्लास्टिकचे भांडे उपडे बसवले. रंग निळा. जाडी अंदाजे तीन मिलिमीटर.'

आई : कोणाचं ते लिहा.

बाबा : 'मालकी : घरची.'

आई : माझी.

बाबा : 'मालकी : पत्नीची. तिला न विचारता.' झालं?

मुलगी : कारण?

बाबा : लिही, पक्षी बसतात. अँटेना सपाट होता, कावळे ठाण मांडून बसायचे आणि घाण करायचे. सिग्नल खराब व्हायचा. घुमटावर पाय ठरत नाहीत त्यांचे.

मुलगी : ते आधीची आठ वर्षंही बसत होते. तेव्हा काय करायचात?

बाबा : तेव्हा रोज नऊला शिडी लावून चढायचो आणि फडक्याने पुसायचो.

मुलगी : मग सात मार्चला काय बदललं?

बाबा : पक्षीच लिही.

मुलगी : बाबा, खरं कारण. आता अर्धी दुरुस्ती नको.

बाबा : त्या फेब्रुवारीत मी पडलो होतो ना शिडीवरून. कंबर धरली होती. तुझ्या आईने शब्द घेतला, पुन्हा त्या शिडीवर पाय ठेवायचा नाही. मी दिला. चढल्याशिवाय अँटेना स्वच्छ राहायचा दुसरा मार्ग नव्हता. ऑफिसात आवरण मागितलं, तर म्हणाले, तपशीलवार अर्ज करा. म्हणून शेवटचं एकदा चढलो, भांडं बांधलं आणि उतरलो. त्यानंतर नाही.

आई : नाही चढलात?

बाबा : एकदाही नाही.

आई : मला वाटायचं, शब्द देऊनही तुम्ही रोज चढता. तो पहिला महिना तर मी नऊ वाजले की घड्याळासमोर उभी. साडेनऊला तुमचा फोन यायचा, 'दूध आलं का' म्हणून. मी समजायचे, उतरले एकदाचे. मग गॅस पेटवायचे.

बाबा : मी आपला दुधाचंच विचारायचो.

आई : आठ वर्षं.

बाबा : सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर भांड्याचं निघालं असतं.

मुलगी : मी काय लिहू?

बाबा : लिही. 'कारण : घरी शब्द दिला होता.' आण, सही करतो.

मुलगी : इथे. पूर्ण नाव.

बाबा : मला सही शिकवू नकोस. घे. उद्या भांड्याची जाडी मोजायला कोण चढणार?

मुलगी : मी. तुमचा शब्द अजून चालू आहे.

बाबा : शिडी धरू नये, असं काही ठरलं नव्हतं. मी खाली उभा राहतो.

आई : आधी मी जाऊबाईंना फोन करते. आणि उद्या मला सोडून निघू नका, शिडीला दोन बाजू असतात.