माया अर्जावरची कारवाई

…मंग मानसानं चालाव कुठून? तुमीच सांगा! रस्त्यानं जाव तं कापसाच्या बैलबंड्या, टरका, अन् सायकलवाले लेकाचे अशी घंटी वाजवतात, जसं काई मी त्याइच्या वावरात घुसलो! माया एक पाय लहानपनापासून लुळा, काखेत कुबडी, खांद्याले घड्याळ दुरुस्तीची पेटी. एकोणऐंशी साली आमच्या बाजारात फूटपाथ झाला, तवा सगळ्याइत खुश कोन होतं? हा हरिदास! उद्घाटनाले हार घेऊन गेलतो बाप्पा, हार!

पन बांधला गुडघ्याइतका उंच… ना पायरी, ना उतार! अन् आमचे लोकं तं तुमाले सांगतो… दारापुढं उंच कट्टा दिसला का तो ओटा, अन् ओटा म्हनजे घरवाल्याचा! महादेवराव किरानावाल्यानं दुसऱ्याच दिवशी रांगोळी काढून गुळाच्या भेल्या मांडल्या. तळेगावचा एक मानूस चपला हातात घेऊन त्याले विचारते, “मालक, जरासा जाऊ का इकून?” अन् हा म्हन्ते, “जाय, पन पाय झटकून जाजो!”

मी म्हनलं, “महादेवराव, हा सरकारी फूटपाथ हाय.”

“माया दारापुढं हाय तं सरकारचा कसा होईन बे?”

घ्या! मंग मानसानं चालाव कुठून?

पोळ्याच्या आदल्या दिवशी मनकर्णाबाई, बिचारीले दिसते कमी, रस्त्यानं जाऊन राह्यली होती, अन् बंडीचं चाक तिच्या पायावरून गेलं. माया डोळ्यापुढं! टाळकंच फिरलं माय! नगरपालिकेत अर्ज देल्ला… उतार बांधा, अतिक्रमन हटवा! अन् बाजारातल्या दोघाइचे खांदे धरून फूटपाथवर चढलो, पेटी मांडली, बसलो. उतार होईस्तोर हटत नाई! सेवाग्रामच्या जिल्ह्यात राह्यतो, सत्याग्रहाले एवढं बसता तं येतेच ना!

आता बसलो तं लोकं घड्याळं आनूनच देतीन. आठ दिवसात टेबल आलं, मंग वर छत्री आली. पन महिन्याभरात गवंडी आला, उतार झाला! मनकर्णाबाई काठी टेकत ऐटीत वर चढली… अन् चार पावलावर काठी गुळाच्या भेल्याले अडकली. “हरिदास, आता कुठून जाऊ रे?”

तेवढ्यात नगरपालिकेचा ओव्हरसियर हजर! “अर्जदार कोन?”

“मी!” छाती काढूनच म्हनलं.

“तुमच्या अर्जावरून अतिक्रमन हटवाले आलो.”

“हटवा! पयले तो गूळ हटवा!”

“तो त्याइच्या ओट्यावर हाय. तुमचं टेबल कोनाच्या ओट्यावर हाय?”

बोला! मी भांडलो, कुबडी आपटली, दुसरा अर्ज तिथंच लेहला… सोडत नाई म्हनलं! पन बाजारातलं अतिक्रमन आजपर्यंत एकच हटलं, माया टेबलाचं. अन् ‘कारवाई झाली, समाधान आहे’ असं लेहून खाली सही कोनाची घेतली?

माईच!