चिकटपट्टीचं दुमडलेलं टोक

लिहा, वकीलसाहेब, लिहा — मीच त्याला सांगितलं, व्हिटॅमिन आहे म्हणून. माझ्या तोंडाने. एकदा नाही, शंभरदा सांगितलं असेल. 'माई, व्हिटॅमिन ना?' — 'हो रे, व्हिटॅमिन' — की टोचलीच सुई. यात लपवायचं काय? टातोने तिकडच्या कोर्टात हात वर करून जे सांगितलं, की माईने व्हिटॅमिन म्हणून टोचलं, आत काय होतं ते मला ठाऊक नव्हतं, ते अक्षर न् अक्षर खरं आहे — हां, तुमच्या कागदावर विल्फ्रिन गिलामो असणार, पण इथं त्या नावाने हाक मारलीत तर कुणी वळून बघायचं नाही, इथं तो टातोच — आणि खरं बोलणाऱ्या माणसाला शपथेवर खोटं बोलला म्हणून आत टाकायला निघालेत ते लोक, म्हणजे कमाल झाली. किती म्हणालात? पाच वर्षं? पाच... अहो, चौतीस वर्षांचा आहे तो. बाहेर येईल तेव्हा चेंडू फेकायला खांद्याच्या वर तरी जाईल का त्याचा हात? — कॉफी घ्या. गोडच आहे, उसाच्या गावात येऊन साखर कमी काय मागता.

मी नर्स नाही, हे आधी लिहून घ्या, नाहीतर तिकडे मला कुणीतरी विचारायचं आणि तुमची फजिती व्हायची. साखर कारखान्याच्या दवाखान्यात अकरा वर्षं मी बाटल्या धुतल्या, फरशी पुसली, आणि बघत राहिले. बघून बघून शिकले. पुढे दवाखाना बंद पडला, पण लोकांना सुई तर लागतेच — कुणाला अशक्तपणा, कुणाची कंबर, कुणाला नुसतंच वाटतं की एक व्हिटॅमिन घ्यावं — मग येतात ते माझ्याकडे, दोन्या नेरेयदाकडे — बाईमाणसाला मानाने दोन्या म्हणतात इथं. या गल्लीत असं एक ढुंगण नाही जे मी पाहिलं नाही. हसा, हसा, हसलात तर बरं दिसता. तुम्हालाही एक लावून देऊ का? गालफडं बसलीत तुमची. एक चापट मारायची, मऊ जागी, आणि चापट कळेपर्यंत सुई आत गेलेली असते, हीच सगळी करामत. टातो म्हणायचा, माई, तिकडे डॉक्टरांच्या भिंतीवर इतकी प्रमाणपत्रं लावलेली असतात, पण हात दगडाचा.

माई म्हणतो तो मला. पोटचा नाही. त्याची आई मिनेर्वा शेजारी राहायची, शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची, ती गेली तेव्हा हा नऊ वर्षांचा. पुरून आलो आणि हा सरळ माझ्या घरात शिरला, स्वयंपाकघरात बसला आणि म्हणाला, माई, केळी आहेत का उकडलेली. बस. तेव्हापासून माझाच. सकाळी उठला की पहिलं वाक्य — माई, आशीर्वाद. मी म्हणायचे, देव तुझं भलं करो, आणि मग तो दात घासायला जायचा. ती पुढची मोकळी जागा दिसते ना, तिथं झाडूचा दांडा घेऊन बेसबॉल खेळायची पोरं, पाण्याच्या मोठ्या बाटल्यांची झाकणं चेंडू म्हणून. ते झाकण सरळ कधी जात नाही, पण टातोने फेकलं की जायचं. हात सोन्याचा, वकीलसाहेब. फक्त त्या हातामागे माणूस नव्हता, नुसत्या काड्या.

आणि मग आला कोलास. पोरं तयार करतो, मोठ्या संघांच्या लोकांना दाखवतो, पोराची संघाच्या करारावर सही झाली की आपला वाटा घेतो — असे ढिगाने आहेत इथं, सगळेच वाईट नाहीत, कोलासही वाईट नव्हता, मेला बिचारा गेल्या वर्षी. टातो पंधरा वर्षांचा. सोळाव्या वर्षी जुलैत सही व्हायची असते, झाली तर झाली, अठरा झालं की कुणी ढुंकून बघत नाही, पोरगं म्हातारं समजतात. कोलास म्हणाला, दोन्या, चेंडू ताशी चौऱ्याऐंशी मैल जातो, नव्वद हवा. पोटभर घालताय ते ठीक आहे, पण हे जुलैपर्यंत एवढ्याने होणार नाही. आणि त्याने खिशातून बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. तिच्यावर घोडा होता.

मला वाचता येतं. हळू वाचते, पण येतं. कशाला न येणारं सोंग करू तुमच्यासमोर. आणि घोडा कळायला वाचता कशाला यायला हवं? मी म्हटलं, कोलास, हे जनावराचं आहे. तो म्हणाला, घोड्यालाही व्हिटॅमिनं लागतात, दोन्या. मी... हे नका लिहू हां. लिहिलंत? खोडा. मला कळलं नव्हतं असं नाही. पलीकडच्या वस्तीतला एक पोरगा असंच काहीतरी टोचून घेऊन पिवळा पडला होता, सगळ्यांना ठाऊक होतं. पण कोलास म्हणाला, तुम्ही नाही दिलंत तर तो दुसरीकडे जाईल, आणि तिथली सुई उकळलेलीसुद्धा नसेल. आणि मी विचार केला — काय विचार केला सांगू? — की निदान माझा हात हलका आहे. असा विचार केला मी. त्याची आई वर बसून बघत असणार, आणि मी माझ्या हलक्या हाताचा अभिमान धरून बसले होते.

पण घोडा मात्र त्याला दिसू द्यायचा नाही, हे ठरवलं. पोरगं घाबरेल. म्हणून चिकटपट्टी — ही बघा, याच डब्यात असते, कापूस, स्पिरिट, पट्टी — बाटलीला गोल गुंडाळायची, चित्र पूर्ण झाकेल अशी, आणि टोक एवढं दुमडून ठेवायचं, बोटभर. का? तर नंतर सोलायला सोपं. कोलासला बाटल्या मोजून परत लागायच्या, पट्टी काढून द्यायची, नाहीतर म्हणायचा, हे काय सोंग आणलंय. ही माझी पद्धत. दुसऱ्या कुणाची पाहिली नाही मी. आणि टातो पालथा पडायचा त्या खाटेवर, उशीत तोंड खुपसून, आणि दर वेळी — दर वेळी हं, एकदाही चुकलं नाही — विचारायचा, माई, व्हिटॅमिन ना? आणि मी म्हणायचे, हो रे. तर हे लिहा. हेच तुम्हाला हवंय ना? पोराने विचारलं आणि म्हातारीने सांगितलं. तेव्हा म्हातारी नव्हते, पण तसं लिहा, न्यायाधीशाला दया येईल.

जुलैत सही झाली. एक्क्याण्णव मैल. गल्लीत भोंगे लावले, कोपऱ्यावरच्या दुकानदाराने बिअर फुकट वाटली, मीही नाचले. हे वरचं सिमेंटचं छप्पर त्याने घातलं, आधी पत्रा होता, पावसात स्वतःचं बोलणं ऐकू यायचं नाही. दर रविवारी फोन. टीव्हीवर दिसायचा, तिकडे हजारो लोक उभे राहून त्याच्या नावाने ओरडायचे, आणि रविवारी फोनवर तोच — माई, आशीर्वाद. तेरा वर्षं सरळ गेली हो. मग तो खांदा. आणि मग ती रक्ताची तपासणी, बातम्या, बंदी, चौकशी... गेले सहा रविवार फोन नाही. तुम्ही वकिलांनीच मना केलंय म्हणे, साक्षीदाराशी बोलायचं नाही. असेल कायदा. मी फोन मांडीवर घेऊन बसते, एवढंच.

हां, ते सांगते ना, तेच सांगायला तर बसलेय. तीन वर्षांपूर्वीचा जानेवारी, ती तपासणी व्हायच्या आधीचा. एकवीस तारीख, आल्ताग्रासियामातेचा सण, म्हणून पक्की लक्षात. मी देवळातून आले, तर हा इथं पायरीवर बसलेला. गाडी नाही, कुणी बरोबर नाही, डोक्यावर जुनी टोपी. माई, आशीर्वाद. खांदा धरून बसला होता. म्हणाला, या वर्षी नाही फेकू शकलो तर संपलं. मग म्हणाला, माई, एक व्हिटॅमिन देशील का, पूर्वीसारखं? माझ्या डोळ्यांत पाणी आलं, वकीलसाहेब. एवढी मोठी मोठी हॉस्पिटलं तिकडे, आणि हा समुद्र ओलांडून माझ्याकडे आला. माझ्या हाताकडे. मी डबा काढला, पाणी उकळायला ठेवलं — आता सुया तयार मिळतात, पण त्याच्यासाठी मी उकळलंच — आणि त्याने खिशातून बाटली काढून दिली.

त्याने, हो. त्याच्याच खिशातून. माझ्याकडे कुठली असणार? कोलास केव्हाच थकला होता. — का, काय झालं? लिहा की. पेनातली शाई संपली का? आतून पेन्सिल आणून देते. बरं, नंतर लिहा, पण पुढचं ऐका, पुढचं तर खरं सांगायचंय, म्हणजे न्यायाधीशाला कळेल हे पोर कसं आहे ते. मी बाटली हातात घेतली, आणि बघते तर काय — तिला पट्टी! पांढरी चिकटपट्टी, गोल गुंडाळलेली, अगदी माझ्यासारखी. आणि टोक दुमडलेलं. बोटभर. मी हसायला लागले, रडायलाही लागले, म्हटलं, अरे, तुझ्या लक्षात आहे हे? तोही हसला, पालथा पडला, एवढा धिप्पाड माणूस, पाय खाटेबाहेर, आणि उशीत तोंड घालून म्हणाला, माई, व्हिटॅमिन ना? आणि मी म्हटलं, हो रे. दोघंही हसत होतो. ती बाटली मी ठेवलीय, टाकवेना मला. ही बघा. बघा ना, हे टोक बघा. त्याने स्वतःच्या हाताने —

हात का मागे घेतलात? चावत नाही ती.

थांबा. बोलू नका जरा.

टोक दुमडायचं हे त्याला कसं माहीत? तो पालथा असायचा. तोंड उशीत. मी पट्टी लावायचे ते स्वयंपाकघरात, तो खेळून यायच्या आधी. आणि सोलायचे ते तो गेल्यावर... म्हणजे तो बघायचा. म्हणजे कधीतरी त्याने ते टोक धरून ओढलं असणार, आणि पुन्हा तसंच चिकटवून ठेवलं असणार, मला कळू नये म्हणून. पंधरा वर्षांचं पोर. घोडा बघून आला, आणि येऊन पालथा पडला, आणि मला विचारलं, माई, व्हिटॅमिन ना? कशाला विचारायचा मग? मला वाटायचं मी त्याला फसवतेय, रात्री झोप लागायची नाही मला, आणि तो... तो मला सांभाळून घेत होता. देवा रे. मला बरं वाटावं म्हणून विचारायचा तो.

आणि त्या जानेवारीतही तेच केलं. घोडा झाकून आणला. माझ्यासाठी की कोर्टासाठी, वकीलसाहेब? नको, सांगू नका.

पेनाला टोपण लावलंत तुम्ही. म्हणजे मला नेणार नाही आता? मी पासपोर्टचा फोटो काढलाय, निळा ड्रेस शिवून झालाय, बाह्या लांब घ्यायला सांगितल्या, तिकडे थंडी असते म्हणून. ऐका. मी येते आणि सांगते, बाटली माझीच होती. पट्टी मीच लावली. घोडाही मीच आणला, हवं तर. मातेची शपथ घेऊन सांगते, मला घाला आत, सत्तरी आलीय, मला तिथं आणि इथं काय फरक आहे. मान का हलवता? तुम्हाला आता माहीत झालंय म्हणून? ज्या वकिलाला माहीत आहे त्याला साक्षीदाराकडून खोटं वदवता येत नाही — असा कायदा? बरं, मग माहीत नसल्यासारखं करा. आम्ही या घरात इतकी वर्षं तेच केलं, काही अवघड नसतं, एकाने विचारायचं, दुसऱ्याने हो म्हणायचं...

माझ्याच तोंडाने. कौतुक सांगायला बसले आणि माझ्याच तोंडाने बुडवलं पोराला. त्याला सांगू नका हं मी बोलले ते. सांगा, म्हातारीला काही आठवत नाही, भ्रमिष्ट झालीय, तिला आणण्यात अर्थ नाही. सांगाल ना एवढं? आणि म्हणावं, देव तुझं भलं करो. तो विचारणार नाही, तरी सांगा. सहा रविवारांचं साठलंय.

नाही, ही बाटली देणार नाही मी. कुणालाच नाही. आणि पट्टी मी काढलेली नाही, वकीलसाहेब, तीन वर्षांत एकदाही नाही, हे टोक बघा, जसंच्या तसं आहे. म्हणजे खाली काय आहे ते मी पाहिलेलंच नाही. मला काय माहीत? व्हिटॅमिन असेल. व्हिटॅमिनच असणार.

कॉफी राहू द्या, गार झाली. जा तुम्ही आता.