पिवळा ठिपका

—आणि चालू यंत्रात कार्ड खुपसायला सांगितलं कुणी तुला? कुणीच नाही. स्वतःच्याच अकलेनं. म्हणजे अक्कल आपली म्हणायची म्हणून म्हणते. अरे टोणग्या, या यंत्राला, या जुन्या घरगुती कॉम्प्युटरला, बंद करायचं बटणच नाही—स्वस्तात पडावं म्हणून लावलंच नव्हतं—वायर उपटायची तेव्हा ते मरतं, आणि मेल्यावरच त्याच्या पाठीत काय ते खुपसायचं. जिवंतपणी खुपसलंस तर काय होतं? हे होतं. वास घे. घे की, नाक झडणार नाही! मेमरीच्या दोन चिपा जळाल्या होत्या. काढून नव्या घातल्यात, सकाळपासून तेच करतेय. महिन्याला तुझ्यासारखे तिघं तरी हा चढ चढून धापा टाकत येतात माझ्याकडे—चाळिशी ओलांडलेले, पोट सुटलेले, माळ्यावरून बापाचं यंत्र काढलेलं, कुठूनतरी कार्ड मागवलेलं, धूर काढलेला—आणि मग दारात उभं राहून, 'बाई, होईल का काही?' होईल. बस. त्या खुर्चीवर नको, ती मांजराची आहे.

तुझं कार्ड बघितलं मी. हा डाख, हे सोल्डरिंग आहे की कबुतराची शीट? फेकून दे. माझं बघ—नकाशा माझा, डाख माझा, एकेक तार मी बसवलेली. या नखाएवढ्या तुकड्यात, त्या काळी या यंत्रासाठी जगात जेवढं म्हणून लिहिलं गेलं ना, ते सगळं मावून वर जागा उरते. तेव्हा काय होतं? एक खेळ चढवायला कॅसेट लावायची, पाच मिनिटं ती किंचाळायची, आणि शेवटच्या घटकेला चूक निघाली की पुन्हा पहिल्यापासून. आता डोळ्याचं पातं लवायच्या आत. आणि हे लाल बटण—हे दाबलं की त्या क्षणी यंत्राच्या पोटात जे असेल ते जसंच्या तसं कार्डावर उतरतं. कुठे शिकले? हा प्रश्न तुम्ही पुरुषांना विचारत नाही. कुठेच नाही शिकले. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. ग्रंथालयातली पुस्तकं आणि डोक्यातला राग, यांच्यावर शिकले.

आणि हे यंत्र कुठलं वाटलं तुला? इथलंच, आपल्या डंडी गावचं, त्या खालच्या कारखान्यातलं. बायकांनी बनवलेलं. आमच्याकडे बायकाच कमवायच्या आणि नवरे घरी किटल्या उकळायचे, आजीच्या तागाच्या गिरणीपासून तसंच. साहेब म्हणायचे, बायकांची बोटं बारीक असतात म्हणून घेतो. बारीक! ही बोटं बघ—याला बारीक म्हणतात? थांब, झाकण उघडंच आहे तर दाखवते. बोर्डाच्या पोटाशी हा निळा ठिपका दिसतो? नेलपॉलिश. ही ग्रेसी. प्रत्येकीचा रंग ठरलेला, आपण केलेल्या बोर्डाला गुपचूप एक ठिपका द्यायचा. ग्रेसी निळी, मेझी लाल, रेना हिरवी. आणि मी पिवळी—पिवळं नेलपॉलिश मिळायचं नाही, मग मी धाकट्या भावाच्या खेळण्यातल्या विमानांचा रंग चोरायचे. साहेबांना पत्ता नव्हता. फक्त आमच्या टेबलाच्या तपासनिसाला माहीत. बोर्ड सदोष निघाला की तो नाव घ्यायचा नाही, टोकावरून ओरडायचा—'हिरवीऽ, झोप झाली नाही का?' 'पिवळीऽ, ये इकडे, दाखव तुझं दिवाळं!' चांगला होता. तेव्हा.

संपाचं विचारू नकोस. विचारलंसच? बरं, डाख गार होईपर्यंत सांगते. तीस वर्षं झाली. एका सकाळी सगळ्यांना पत्र धाडून काढलं आणि आमच्या जागी बसमधून माणसं आणायला लागले—खिडक्यांना जाळ्या, आत सगळे तोंडावर वर्तमानपत्र धरून बसलेले. आम्ही गेटवर. अंडी फेकली का म्हणजे? अंडी पहिल्या आठवड्यात फेकली, मग वाटलं अंडी खाल्लेली बरी. मग दगड. मी एका बसचा आरसा हातानं उपटलाय, हा बघ व्रण. मेझीनं एका पोलिसाचा अंगठा चावला, तो आईच्या नावानं ओरडला, आणि ही म्हणते कशी, 'आईला सांग तुझ्या, मीठ कमी पडलंय!' आम्ही हसतोय तोवर तिला बसच्या पायरीवर आपटली. दोन बरगड्या. लाज? लाज कसली? उद्या संप झाला तर मी काठी टेकत जाईन आणि तीच काठी घालीन. आमच्यातलेही काही संप मोडून त्याच बसमधून कामावर गेले. त्यातल्या एकाला मागच्या गल्लीत गाठला आणि विटेनं हात फोडला त्याचा. हो, फोडला. कुणी म्हणजे? रेनानं. रेना डुथी. सहा महिने तुरुंगात होती ती, कोर्टात शाबीत झालं. त्यात पुन्हा विचारायचं काय आहे?

माझं कार्ड बसवलं, वायर जोडली, आण ती कॅसेट. अगं बाई—टेप पार ताणलीये, कडा बघ कशा चुरगळल्यात. एकदा चालेल. दुसऱ्यांदा चालेल असा शब्द मी देणार नाही. आत काय आहे? बापानं स्वतः लिहिलेला खेळ. कोंबड्यांचा? बस चालवायची आणि कोंबड्या अंडी मारतात? आणि तुला तो कधीच जिंकता आला नाही. आणि बाप गेला मागच्या थंडीत, आणि त्याचं दुसरं काही नाही तुझ्याकडे, ना पत्र ना आवाज. हं. म्हणून एवढा धूर काढलास. बरं. कान झाक.

ऐकलीस किंचाळी? डुक्कर कापल्यासारखी. लोकांना त्रास होतो, मला हिच्यावर डुलकी लागते. आधी चित्र येणार, काळंपांढरं, एकेक रेघ करत. रंग सगळ्यात शेवटी, वरून खाली भरत येतात. ती बघ आली बस. चांगली काढलीये की. खिडक्यांना जाळ्या पण—

कोंबड्या नाहीत या.

कोंबड्या नाहीत रे या. लहान होतास, उघडी तोंडं बघून तुला चोची वाटल्या. बायका आहेत. हात वर केलेल्या बायका. आणि हे आमचं गेट. दारात तू नुसतं कॅलम म्हणालास—आडनाव काय तुझं? थांब. नको सांगू. रंग भरतायत. लाल, ही मेझी. निळी, ग्रेसी. हिरवी. आणि तिच्यापुढे—

वॉटी इमरी. वॉटी इमरीचा मुलगा तू. आमच्या टेबलाचा तपासनीस, आमचे रंग माहीत असलेला तो एकटाच. उजव्या हाताची दोन बोटं शेवटपर्यंत मिटली नाहीत त्याची, ही आणि ही. चमचा डाव्यानं धरायचा, हो ना?

मला कसं माहीत?

मीच मोडली म्हणून. बस खाली. बस म्हणते ना! टेप चालू आहे, टेबल हललं तर तुझा बाप दुसऱ्यांदा जाईल.

पिवळी मी. नेट्टा काउल. आता ऐक, चार मिनिटं लागतील याला. संपातल्या एका सकाळी बस गेटातून आत शिरली, बाकीच्यांनी तोंडावर पेपर धरलेले, आणि वॉटीनं पेपर खाली घेतला आणि मला हात केला. हात! रोज जेवणाच्या सुटीत करायचा तसा. काय म्हणायचं होतं त्याला? माफ कर? घरी पोर आहे? असशील, तूच ते पोर असशील. मला काही ऐकायचं नव्हतं, मला तो हात दिसत होता फक्त. संध्याकाळी गल्लीत गाठला, मी आणि रेना. कठड्यावर त्याचा पंजा दाबला आणि वीट घातली. एकदा नाही, तीनदा. ओली फांदी मोडावी तसा आवाज येतो. तो ओरडला नाही, नुसता 'नेट्टा, नेट्टा' करत राहिला, त्यानं माझं डोकं आणखीच फिरलं—इतकी वर्षं पिवळी म्हणत होतास ना रे, आज नाव आठवलं? चौथी मी त्याच्या टाळक्यात घातली असती. रेनानं मागून कमरेला मिठी घातली आणि खेचलं मला. तिनं वाचवला त्याला. आणि कोर्टात तुझा बाप गळ्यात हात बांधून उभा राहिला आणि डाव्या हातानं बोट केलं—रेनाकडे. 'ही.' मी समोरच बसले होते. जिच्या तोंडाला सगळं गाव टरकायचं तिच्या तोंडातून एक शब्द निघाला नाही. भ्याले मी. झालं? भ्याले.

तीस वर्षं मी मनाची समजूत घातली—अंधारून आलं होतं, त्याला भोवळ आली होती, आम्ही दोघी एकमेकींना चिकटलेल्या, चुकला असेल. या यंत्रात होतं ना, तसं. इथे पडद्यावरच्या एका चौकोनात काळ्याखेरीज एकच रंग मावतो. दोन आकृत्या चिकटल्या की एकीचा रंग दुसरीला लागतो, पिवळी हिरवी दिसायला लागते. यंत्राचा जन्मदोष आहे तो. म्हटलं, माणसाच्या डोळ्यांचंही होत असेल.

आला बघ खेळ—आणि टेप गेली. खाल्ली यंत्रानं, शेवया झाल्या तिच्या. म्हणजे आता हा खेळ जगात फक्त इथे आहे, या विजेवर तगून. खेळ. तू खेळ, मला नाही जमायचं. गेट पार. उतर आता बसमधून. गल्ली. ही हिरवी, ही पिवळी, वीट पिवळीच्या हातात. आता त्यांची चाल बघ. नीट बघ. दोघींच्या मध्ये कायम एक चौकोन मोकळा. काही झालं तरी चिकटू देत नाही त्यांना. किती खटपट केली असेल त्यानं, एका हातानं, रबरी बटणं बडवत—एवढ्यासाठी की पिवळी पिवळीच दिसावी! आणि हिरवी बघ, प्रत्येक फटक्याला पिवळीला एक पाऊल मागे ओढते. तेही घातलंय. कोण मारत होतं आणि कोण वाचवत होतं, सगळं पक्कं ठाऊक होतं त्याला. हरलास. परत हरशील. सुटायची वाट ठेवलेलीच नाही त्यानं, मी ठेवली नव्हती तशी.

काय म्हणालास? मला वाचवलं? जीव होता माझ्यावर? थू! अरे गाढवा, मला आत टाकलं असतं तर सहा महिन्यांनी मी छाती काढून बाहेर आले असते, गावानं खांद्यावर घेतलं असतं मला! तपासनीस होता तो. कुठला सांधा कच्चा आहे हे त्याला लांबून कळायचं. रेना बोलणार नाही आणि मी भिणार, हे बरोबर ताडलं त्यानं. रेनाची पोरगी नऊ वर्षांची, मावशीकडे ॲबर्डीनला पाठवली, ती पुन्हा आईशी धड बोललीच नाही. माणसांचे हात मोडणारी आई! रेना सुटली त्या दिवशी मी न्यायला गेले होते. ती म्हणते, 'नेट्टा, बरं झालं तू नव्हतीस, तिथला चहा पिऊन तू खून केला असतास कुणाचा तरी.' एवढंच बोलली. मरतानाही त्याहून जास्त नाही. मी तीन विटा मारल्या आणि घरी गेले. तुझा बाप तीस वर्षं मारतोय मला, आणि मला आज कळतंय की तो मारत होता.

नाही, ते लाल बटण नाही दाबणार मी. का दाबू? वायर हाताशी आहे. एक हिसका, आणि वॉटी इमरी काय म्हणत होता ते कुणाला—

सोड. मनगट सोड माझं. म्हाताऱ्या बाईवर हात टाकतोस? शाब्बास! आत्ता कुठे बोललास काहीतरी. आवळ. आणखी आवळ, हाड वाजू दे! मोड, ही घे, ही दोन बोटं मोड, तुझा हक्क आहे. नाही ना होत? मला झालं होतं. आणि तुझ्या बापानंही त्या दिवशी माझा हाच हात धरला होता, उजवा. डावखुरी आहे मी, लेका.

हे बघ. दाबलं. उतरलं कार्डावर.

सोड आता. घे हे कार्ड, आणि ऐक. घरी पोरांना दाखवायचं नंतर. आधी गावातल्या लॉखी भागात जायचं, चर्चच्या मागची तिसरी इमारत, मधला मजला—मोरॅग, रेनाची मुलगी. ॲबर्डीन सोडून आलीये. मी दोनदा तिच्या जिन्यापर्यंत जाऊन परत फिरलेय. तिला खेळायला बसव. ती म्हणेल, या कसल्या कोंबड्या? सांग तिला, हिरवी तुझी आई आहे, आणि ती काय करतेय ते नीट बघ. पिवळी कोण विचारलं तर नाव सांग. आडनावासकट. पत्ताही सांग.

काय बघतोस? माफी मागू? वॉटी त्या बसमध्ये बसला ते चुकलाच, आणि आज परत तो हात दिसला तर मी—जा म्हटलं ना! यंत्र उचल, तुझ्या त्या शेवया उचल, आणि चालता हो इथून. आणि दार ओढू नकोस जाताना. राहू दे उघडं.