बाबांची बंद केलेली मासळी

परदेशातून शिकून आलोय हा माझा माज बोरीवलीच्या मासळी बाजारात उतरला, ऐका. बाबांच्या किडन्या निकामी झाल्या, तसं मी त्यांचं मटण-मासे खाणं बंदच केलं. बाबा खंगत चालले.

नेहमीच्या कोळीण मावशीने हटकलं, "बाबा मासे विसरले काय रे?"

"किडनीचा आजार आहे, मावशी. प्रोटीन, फॉस्फरस कमी करायचंय."

"डायलिसिस चालू झालं?"

"दोन महिने झाले."

"मग उपाशी का मारतोस त्याला? डायलिसिसमध्ये अंगातलं प्रोटीन जातं. ताजा मासा बेताने दे, सुकट नको. पण आधी डॉक्टरला विचार."

डॉक्टरांनी अगदी तेच सांगितलं. मी थक्क! दुसऱ्या दिवशी धावत गेलो. "मावशी, हे कुठे शिकलीस?"

"नवऱ्याला डायलिसिसवर आठ वर्षं जगवलाय. बोल, सुरमई किती देऊ?"