वाळलेले स्फटिक

(फोनवर. भूपेश नागपूरच्या प्रयोगशाळेत. पीएचडीतली त्याची सीनियर अपेक्षा भावाच्या लग्नासाठी कुहीला.)

भूपेश : ...स्फटिक काचेसारखे आले ना ताई! रेणूच्या पिंजऱ्यात युरोपियम धातू एकदम फिट. यूव्ही दिव्याखाली धरले तर लालभडक चमकून राहिले.

अपेक्षा : माझ्या हाती वर्षभर नुसता चिकटा आला. तू काय केलंस?

भूपेश : तुमचं युरोपियम नायट्रेट सोडलं. परक्लोरेट घेतलं.

अपेक्षा : सरांना विचारलंस?

भूपेश : सर परिषदेले गेले. आले का सरप्राइज! हळद लागली का तिकडं?

अपेक्षा : हळद राहू दे. एक्स-रे तपासणीला मिठाच्या कणाएवढा एक स्फटिक पुरतो. तू किती बनवलंस?

भूपेश : बशीभर.

अपेक्षा : बशीभर?

भूपेश : बाकीच्या मोजण्यांले लागते ना. खिडकीत आटवाले ठेवलं, आपल्या नागपूरचं ऊन! सारं वाळून पापड झालं. बशीच्या बुडाले असं चिकटलं, का खरडून खरडून हात दुखून राहिला.

अपेक्षा : कशानं खरडतोयस?

भूपेश : स्टीलच्या स्पॅच्युलानं. आवाज ऐका, कसा कुरकुर—

अपेक्षा : थांब! हात उचल. उचललास?

भूपेश : उचलला. काहून जी?

अपेक्षा : पिंजरा कशाचा? कार्बनचा. जळणारा. परक्लोरेट जाळणारं. दोघांना तू एकाच कणात शेजारी बसवलंस. ओले होते तोवर गप्प होते. आता नुसतं घासलं तरी बॉम्बसारखं फुटेल.

भूपेश : भेव नका दाखवू ताई. केव्हाचा खरडून राहिलो, काही झालं नाही.

अपेक्षा : म्हणूनच अजून बोलतोयस. चष्मा घातलायस?

भूपेश : ...टेबलावर आहे.

अपेक्षा : बशीला धक्का न लावता बाहेर नीघ. दार लाव.

भूपेश : आलो. कॉरिडॉरमंधी आहो. दार लावलं.

अपेक्षा : सिक्युरिटीला सांग, मजला रिकामा करा. आत कोणी नाही ना?

भूपेश : आहे माये! घाईत विसरलोच. सोनिका. एमएस्सीची पोरगी. अजून एक बशी होती, ताई. लवकर उरकाले तिले देली... दाराच्या काचेतून दिसून राहिली. पाठमोरी.

अपेक्षा : हाक मार तिला!

भूपेश : मारून राहिलो. तिच्या कानात गाणे सुरू आहेत. खरडूनच राहिली. मी जातो आत.

अपेक्षा : भूपेश, ऐक. मागून हात लावू नको. फिरून समोरून जा, हळू. दचकवू नको तिले.