फक्त खुर्ची थोडी पुढे घेतली

नाही, पण मला सांगा, पाना असा धरतात? असा, दोन बोटांत, पेनासारखा? अहो, पाना आहे तो! नटाला काय अर्ज लिहायचाय, की कृपया सैल व्हावे, आपला नम्र? मुठीत धरायचा, जोर खांद्यातून काढायचा... पण नाही! पहिल्याच रविवारी आमचे चिरंजीव जिन्याखाली मांडी ठोकून बसलेत माझ्या स्कूटरपुढे, माझ्या, हं, आणि शेजारी माझी नात, नऊ वर्षांची, आणि दोघांनी मिळून माझ्या स्कूटरचं पोट उघडलंय, आणि मी? मी खुर्चीत! चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस, गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की नुसत्या आवाजावरून सांगायचा, हिचा प्लग काळा पडलाय, तो माणूस खुर्चीत बसून बघतोय. पण मी काही बोललो? एक अक्षर नाही. फक्त खुर्ची थोडी पुढे घेतली.

बसा ना. सावकाश सांगतो. मला काय घाई, मला कोण बोलावतंय?

तर ही नात. तिला आम्ही मुंगी म्हणतो, कारण घरात आहे की नाही तेच कळत नाही, आवाजच नाही पोरीला. दुकानात गेली तर आईच्या कानात सांगणार, आई दुकानदाराला सांगणार. वर्गात कुणी पेन्सिल घेतली तर परत मागणार नाही, घरी येऊन नवीन मागणार. तेही माझ्याकडे, हळूच. म्हणजे तेवढं माझ्याकडे होतं, हे लक्षात ठेवा. मग मागच्या महिन्यात शाळेतून बोलावणं आलं. मी काही शाळा शिकलेलो नाही, शाळेच्या आत एकदाच गेलो होतो, हेडमास्तरांची स्कूटर सुरू होईना म्हणून, त्यामुळे मला काही नेलं नाही. चिरंजीव आणि सूनबाई गेले. बाई म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे हो, पण उत्तर येत असलं तरी हात वर करत नाही. चुकायला घाबरते. घरी तिच्या हाताला एखादं खरं काम द्या. चुकू द्या, परत करू द्या. आणि आईवडलांपैकी कुणीतरी शेजारी बसा."

आईवडलांपैकी! आजोबा हा शब्द त्या बाईंना येत नसेल?

घरी आल्यावर चिरंजीव म्हणतात, "अण्णा, तुमची स्कूटर किती वर्षं पडून आहे?" मी म्हटलं, अकरा. "मी आणि मुंगी ती सुरू करतो." अहो, मी उठलोच! म्हटलं, थांब, जुना शर्ट घालतो, पेटी काढतो... तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "नाही नाही अण्णा, तुम्ही आराम करा."

आराम! माणसाला घरात ठेवायचं आणि कामातून काढायचं, दोन्ही एकदम करायचं असेल ना, तर हा शब्द वापरतात.

आणि म्हणतोय कोण? ज्याच्या खोलीतला बल्ब गेला तर दोन दिवस चाचपडत फिरेल पण स्टुलावर चढणार नाही! नळ गळला की खाली बादली, बादली भरली की दुसरी बादली. ऑफिसात मोठा साहेब आहे, नाही म्हणत नाही, पण घरात स्क्रूड्रायव्हर दिसला की पोराला घाम फुटतो. तो शिकवणार! आणि मी बघणार! पण मी काही बोललो? एक अक्षर नाही. खुर्ची घेतली, गॅलरीतनं दाराशी आणली.

पहिला रविवार. जिन्याखाली दुपारीसुद्धा अंधार, म्हणून बॅटरी आणली, चादर अंथरली, आणि गुरुजी कोण? मोबाइल! त्याच्यात एक पोरगा, मिशी अजून फुटायचीय, आणि हातात पांढरे हातमोजे! "नमस्कार मित्रांनो, आज आपण कार्बोरेटर साफ करणार आहोत." अरे, ग्रीसची एवढी किळस येते तर मेकॅनिक कशाला झालास, फोटो काढ लोकांचे! आणि हे दोघं त्याला थांबवतायत, मागे नेतायत, परत ऐकतायत. "बाबा, मागे घे, तो स्क्रू कुठला म्हणाला?" अहो, मी सहा फुटांवर जिवंत बसलोय! मला घ्या की मागे! मी पण सांगाल तिथं थांबतो!

फक्त खोकलो. तर सूनबाई आतून धावत गरम पाणी घेऊन आली.

दुसऱ्या रविवारी सगळं परत जोडलं आणि एक वॉशर उरला. चादरीवर, मधोमध, माझ्याकडे बघत. आता आमच्या धंद्यात वॉशर उरणं म्हणजे... मी तर डोळेच मिटले. म्हटलं, आता पोरगी रडणार, आता हा चिडणार, आता मला हाक मारतील. कान टवकारून बसलो. तर काय ऐकतो? हसतायत! दोघं! मुंगी म्हणते, "बाबा, याला विसरलो आपण." तो म्हणतो, "मग? परत खोलायचं?" "खोलू की!" आणि खोललं! साडेतीन तासांचं काम, हसत हसत!

खरं सांगू? तुम्हाला म्हणून सांगतो, आमच्या हिला सांगू नका. मला ते हसणं सहन झालं नाही. कारण हा दहा वर्षांचा असताना गॅरेजात यायचा. एकदा म्हणाला, "अण्णा, हा नट मी काढू?" मी दिला पाना. दिला हो, नाही म्हणालो नाही! त्याचा हात घसरला, नटाची कड गेली, डोक्यावर गिऱ्हाईक उभं. मी पाना काढून घेतला. म्हटलं, "सरक. हे तुझ्या हातात नाही. तू बॅटरी धर." बस्स, तेव्हापासून बॅटरी. इकडे धर, हलवू नको, लक्ष कुठंय, उजेड माझ्या हातावर पाड, डोळ्यात नको. आठ वर्षं. परत कधी त्यानं पाना मागितला नाही, आणि मी... मला वाटलं, त्याला आवड नाही.

जाऊ दे. मुंगीचं सांगत होतो. तिसऱ्या आठवड्यात ती शाळेच्या बसमध्ये चढता चढता थांबली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "काका, मागच्या चाकात हवा कमी आहे." ड्रायव्हर असा आडदांड, आवाज भोंग्यासारखा, "ए बाळा, चल, बस आत, उशीर होतोय!" तर ही हलेना! "आधी बघा." बघितलं त्यानं. खिळा होता, एवढा! दुसऱ्या दिवशी वर्गात हात वर केला. उत्तर चुकलं. चुकलं, तर म्हणाली, "थांबा बाई, परत करते." सूनबाईनं हे सगळं मला तीनदा सांगितलं, डोळ्यांत पाणी आणून, आणि तीनही वेळा शेवट काय? "बाबांबरोबर काम करते ना, म्हणून हो अण्णा!"

बाबांबरोबर! आणि नऊ वर्षं हिला गोष्टी कुणी सांगितल्या? चपला उलट्या घातल्या तर सुलट्या कुणी केल्या? आता पेन्सिलसुद्धा मागत नाही माझ्याकडे. ज्यानं घेतली त्याच्याकडनं परत आणते! मी काही बोललो? एक अक्षर नाही. खुर्ची दारातनं जिन्याच्या तोंडाशी आली होती, एवढंच. आमची ही म्हणाली सुद्धा, "अहो, खुर्चीला पाय फुटलेत की काय?"

मग काल, चौथा रविवार. सगळं बसलं, वॉशर उरला नाही, पेट्रोल घातलं. आता किक मारायची तेवढ्यात आतून हाक आली, जेवण तयार आहे. जेवले, आणि जरा आडवे झाले सगळे. आणि मी...

माझ्याकडे असं बघू नका.

मी गेलो. गुडघ्याला मलम चोळून उठलो आणि हळूच जिन्याखाली गेलो. स्कूटरला सीटखाली पेट्रोलचा कॉक असतो, एवढीशी दांडी. फिरवली की टाकीतलं पेट्रोल बंद. आधीचं जे आत उतरलेलं असेल तेवढ्यावर गाडी मिनिटभर चालते, मग गप. मी ती फिरवली. मोडलं नाही काही, चोरलं नाही. फक्त एकदा, एकदाच, कुणीतरी म्हणावं, "अण्णा, जरा बघता का?" मग मी उठणार, सावकाश, शर्टाची बाही दुमडणार, एका बोटानं दांडी फिरवणार, आणि मुंगी माझ्याकडे बघणार. एवढंच हवं होतं हो मला.

चार वाजता किक मारली. पहिलीला काही नाही, दुसरीला काही नाही, तिसरीला... भुर्रर्र! अहो, अकरा वर्षांनी! जिनाभर धूर, मुंगी उड्या मारतेय, सूनबाई टाळ्या वाजवतेय, ही पदरानं नाक झाकून हसतेय. मी मनात मोजतोय. आणि मिनिटानं... फुस्स.

मी बाही दुमडली. घसा साफ केला. बघतो तर माझ्याकडे कुणाची मानसुद्धा वळली नाही! चिरंजीवांचा चेहरा पडला होता, अगदी तसाच, दहाव्या वर्षीसारखा. हात खाली गेले. म्हणाला, "नाही जमायचं आपल्याला." मी ओरडणारच होतो, अरे, तुझं काही चुकलेलं नाही! तेवढ्यात मुंगी म्हणाली, "बाबा, थांब. पहिल्यापासून बघू." आणि तीन बोटं काढली. "गाडी तीनच गोष्टी मागते. पेट्रोल, ठिणगी, हवा."

मी उडालोच. कारण हे माझं वाक्य! गिऱ्हाइकांना सांगायचो मी! म्हटलं, "मुंगे, हे तुला त्या हातमोजेवाल्यानं शिकवलं?"

"नाही. बाबांनी."

"आणि तुला कुणी रे?"

तो खाली बघून म्हणाला, "तुम्ही. आठ वर्षं बॅटरी धरून होतो ना अण्णा. हात अडकले होते, कान मोकळे होते."

मी दुमडलेली बाही गुपचूप खाली सोडली.

मुंगी मात्र थांबली नाही. पहिलं बोट, पेट्रोल. सीटखाली हात घातला. "बाबा! कॉक बंद आहे! मी उघडला होता, मला नक्की माहितीये, कुणीतरी बंद केलाय." मग ती वाकली, दांडीला नाक लावलं, एकदा, दोनदा... आणि सावकाश माझ्याकडे वळून म्हणाली,

"याला आजोबांच्या गुडघ्याचा वास येतोय."

पृथ्वी दुभंगावी असं वाटलं! पण आमच्याकडची फरशी पक्की. आमची ही तर कपाळावर हात मारून म्हणते, "या वयात! अहो, लाज!" सूनबाईनं तोंडात पदर कोंबला. चिरंजीव माझ्याकडे बघताहेत, मी खुर्चीकडे बघतोय. आणि मुंगी, जिचा घरात आवाज नव्हता ती मुंगी, कमरेवर हात ठेवून अख्ख्या घराला सांगते, "आजोबांना काम नाही, म्हणून ते असं करतात. त्यांना काम द्या!"

दिलं हो. मला काम मिळालं. गाडी सुरू झाली, पण मागचा ब्रेक राहिलाय, आज सुट्टी आहे, तो आज करतायत. सकाळी मुंगीनं हाताला धरून नेलं, चादरीवर जागा करून दिली, आणि माझ्या हातात काय दिलं माहितीये?

बॅटरी.

आणि चिरंजीव चाकाशी वाकलेत, माझ्याकडे न बघता म्हणतात, "अण्णा, इकडे धरा. हलवू नका. लक्ष कुठंय? उजेड हातावर पाडा, डोळ्यात नको."

तुम्हाला सांगतो, बॅटरी धरणं सोपं काम नाही हो. दहा मिनिटांत खांदा भरून येतो. नाकावर माशी बसली तर हाकलता येत नाही. आठ वर्षं धरली पोरानं, कधी बोलला नाही. आणि समोर बघा, पाना अजून पेनासारखाच, आता लेकीनंही तसाच धरलाय, आणि तो नट उलटा फिरवतायत. मला दिसतोय, धडधडीत उलटा फिरवतायत!

मी काही बोललो? एक अक्षर नाही.

फक्त उजेड थोडा पुढे घेतला.