न्हाऊ घालणारे हात

माजा जन्म बेलपाड्याचा. आता तितं खारघर हाय, इमारतींच्या मधी आमचं गाव शोधाया लागतं, पन मी बारकी व्हते तवा एका अंगाला भातशेती आनी खाडीकडं मिठागरं. बापूस मिठागरावर जायचा, त्याच्या टाचा मिठानं फाटलेल्या असायच्या, आनी आय माजी गावात बाळंतिनी बघायची. गावातलं एक पोर असं नाय जे माज्या आयच्या पायावर न्हालं नाय. दोन्ही पाय लांब करून बसायची, पोराला पालथं घालायची, कोमट पानी, डाळीचं पीठ, आनी मी बाजूला तांब्या घेऊन. दहा-बारा वर्सांची व्हते तवापासून माजे हात त्या कामाला लागले. ते सांगते आधी, कारन पुडं जे जालं ते ह्या हातांनीच जालं.

लगीन होऊन पनवेलात आले. नवरा डंपरवर डायवर, दोन पोरगे जाले, ते शाळेत जायाला लागले तवा मी एका प्रसूतिगृहात आया म्हनून लागले. नाव नाय सांगत दवाखान्याचं, त्यांची काय चूक नाय त्यात. डॉक्टरीनबाई व्हत्या, आमी सगळ्या त्यांना मॅडम बोलायचो. तितं मी वीसेक वर्सं काढली. काय सांगू तुमाना ताई, लोकं येऊन आधीच सांगायचे, मंजुळाबाय हाय ना, तिच्याकडंच द्या आमचं बाळ. घरी गेल्यावर पन चाळीस दिवस मनाच बोलवायचे, मालिशीला, न्हाऊ घालाया. माज्या हातात पोरगं रडत नाय असं बोलायचे. मना त्याचा माज व्हता. आता बोलते माज, तवा मना वाटायचं तो माजा गुन हाय.

मॅडमचं आनी माजं एका गोष्टीवरून वाजायचं. बाळ जन्मलं की मना वाटायचं लगेच घासून पुसून चकचकीत करावं, आनी त्या बोलायच्या, थांब मंजुळा, आधी आईच्या छातीवर ठेव, तसंच. अंगाचं पांढरं लगेच काडू नको. आनी मधाचं बोट, गुळाचं पानी तर अजिबात नाय, पयला चीक पाजा. मी एकदा विचारलं, मॅडम, एवडं कशाला, मळकं पोर आयच्या अंगावर. तर त्यांनी बसवून सांगितलं. बोलल्या, बाळाच्या अंगावर, पोटात सुरवातीला जंतूंची वस्ती नसल्यासारखीच असते, आईच्या अंगावरचे, दुधातले जंतू आधी त्याच्याकडे जातात, आतड्यात राहतात, दूध पचवायला मदत करतात आणि वाईट जंतूंना जागा देत नाहीत. मी बोलले, म्हंजे आपन जंतूंनी भरलेले हाव? त्या हसल्या, बोलल्या, नाकात, तोंडात, पोटात, चामडीवर, सगळीकडे, आणि त्यांच्याशिवाय आपलं भागायचं नाही. मना ते पटलं नाय. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो बोलला, तुजी मॅडम शिकून येडी जाली. दोघं हसलो आमी.

तर आमच्याकडं रेखा नावाची बाई व्हती, लादी पुसायची, बाळांची दुपटी धुवायची. नेऱ्याहून यायची, दोन वाहनं बदलून. गरीब सोभावाची. मी तिला सारखी बोलायची, हे पोतेरं नीट पिळ, ती बादली इतं नको ठेवू. फिनेलच्या पान्यात हात घालून घालून तिच्या मनगटाला खाज सुटलेली, कातडी लाल जालेली. ते ध्यानात ठेवा.

एका आयतवारी मी घरी शिंगाळा साफ करत व्हते. त्या माशाचा काटा लय वाईट, तो माज्या उजव्या अंगठ्यात नखाच्या बाजूला घुसला. दोन दिवसांनी तितं सुजलं, पू जाला, नखुरडं बोलतात ना, तसं. ठनका असा की हात खाली सोडवत नव्हता. आता दवाखान्याचा नियम व्हता, हाताला फोड, जखम काय बी जालं तर सिस्टरला दाखवायचं, बरं होईपर्यंत बाळाला हात लावायचा नाय. मना ठाऊक व्हतं. वीस वर्सं ठाऊक व्हतं. पन त्या आठवड्यात चार बाळंतिनी व्हत्या, चारी जनींनी मनाच मागितलेलं, आनी मना वाटलं मी घरी बसले तर माज्या जागी दुसरी कोन उबी रायली तर? माज्यावाचून अडत नाय असं लोकांना कळलं तर? खोटं कशाला सांगू, तेवडंच कारन. घरी हळद-चुना बांधायची आनी दवाखान्यात शिरताना जिन्यातच चिंधी सोडून टाकायची. एकदा सिस्टरनं विचारलं, अंगठ्याला काय? मी बोलले, इस्तरीचा चटका बसला.

त्या चारांतली एक सुजाता. कामोठ्याला राहायची, मुलांच्या शिकवन्या घ्यायची, पयलीच खेप, पोरगी जाली. गोरी, भरपूर केसांची. तिसऱ्या दिवशी घरी गेली आनी मी रोज सकाळी तिच्याकडं न्हाऊ घालाया जायाला लागले. तिची सासू, मी त्यांना काकू बोलायची, लय खुश माज्यावर. घराची चाबी हातात द्यायची तेवडी राहिली व्हती.

इकडं दवाखान्यात दोन बाळांना बेंबीजवळ, जांगेत पुवाचे फोड आले. मॅडम घाबरल्या. सगळ्यांना उबं केलं, कोनाला काय जखम, गळू, काय हाय का विचारलं. माजा अंगठा तोपर्यंत फुटून वाळत आलेला. मी मूठ आवळून उबी रायले. कोन बोलेना. आनी ताई, मीच बोलले. माज्या तोंडातून निघालं, मॅडम, रेखाच्या मनगटाला बघा काय जालंय, तीच दुपटी धुते. सगळ्यांनी रेखाकडं पायलं. ती बिचारी हात पदराखाली घ्यायला लागली. तिनं काय लपवलं नव्हतं, पन त्या टायमाला ती लपवते असं दिसलं. मॅडम तिला बोलल्या, सध्या घरी राहा, बरं झालं की बघू. ती डबा घेऊन गेली. जाताना माज्याकडं बघितलं बी नाय. मना सुटल्यासारखं वाटलं. हे सांगायाची सर्वांत लाज वाटते, पन वाटलं.

दहाव्या दिवशी सुजाताच्या पोरीला पायावर घेतलं तर तिनं असा टाहो फोडला. डावा पाय हलवेना. उजवा मारायची, डावा नुसता पडलेला, हात लावला की किंचाळायची. माज्या हातात पोरगं रडत नाय, आनी ही रडते. काकू बोलल्या, काय जालं गं? मना खरं तर कळलं नव्हतं, पन कळलं नाय असं बोलायची मना सवयच नव्हती. मी बोलले, कोनीतरी उचलताना पाय वडलाय, शीर चमकली. काकूंनी सुजाताकडं बघितलं. बोलल्या, तरी मी सांगते, असं एका हातानं उचलू नको. सुजाता बोलली, मंजुळाबाय, डॉक्टरला दाखवू या का? ती दूध पण कमी पिते. मी बोलले, ताप नाय काय नाय, एवड्याशा जिवाला कशाला दवाखान्यात नेता, मी दोन दिवसांत बरं करते. आनी गरम तेल लावून मी तो पाय चोळला. वडला पन. दोन दिवस. ती ओरडायची आनी मी चोळायची.

तिसऱ्या दिवशी गेले तर घराला कुलूप. शेजारनीनं सांगितलं, बाळ दूधच प्येईना, निळं पडल्यासारखं जालं, मोठ्या दवाखान्यात नेलं. खुब्याच्या सांध्यात पू जालेला. जंतू रगतात शिरले आनी रगतातून सांध्यात जाऊन बसले. फाडून पू काडला. जीव वाचला, पन खुब्याचं हाड आतून झिजलं. कितीक दिवस जोराची औषधं शिरेतून चालू, त्या औषधांनी पोटातले चांगले जंतू बी मेले, पोरीला जुलाब लागले. तितले डॉक्टर बोलले, आईचं दूध सोडू नका, पोटाची वस्ती त्यानंच परत बसेल. सुजाता वाटीत दूध काडून थेंब थेंब पाजायची. ते ऐकलं तवा मना मॅडमचं सगळं बोलनं आठवलं, ज्याला मी नवऱ्याबरोबर हसले व्हते.

ती खबर मॅडमकडं आली, मंग आमच्या दवाखान्यात सगळ्यांच्या नाकात कापसाची काडी फिरवून तपासाया पाठवली. रेखाला बी बोलावून तिची घेतली. आठवड्यानं मॅडमनी मना एकटीला आत बोलावलं, दार लावलं. बोलल्या, रेखाकडे काही सापडलं नाही. तुझ्या नाकात सापडला, आणि तो सुजाताच्या बाळाच्या पुवातल्यासारखाच आहे. मना काय कळेना, मी बोलले, मना तर कदी सर्दी बी नाय. त्या बोलल्या, हा जंतू कितीतरी लोकांच्या नाकात असतो, त्यांना काही करत नाही, माझ्याही असेल. पण जखमेत शिरला की पू करतो, आणि नवं बाळ म्हणजे त्याला उघडं दार. मंग बोलल्या, अंगठा दाखव. मी हात पुडं केला. नखाची एक बाजू वाकडी वाढलेली, नवी कातडी गुलाबी. त्यांनी लय वेळ बघितला. बोलल्या, "तो जंतू तुझ्या नाकात होता, यात तुझा काही दोष नाही, मंजुळा. जखम लपवलीस, तो तुझा." आनी बोलल्या, रेखाचं नाव तूच घेतलंस ना? मी व्हय बोलले. त्या रागवल्या असत्या तर बरं जालं असतं.

त्यांनी मना काडलं नाय. नाकात लावायला मलम दिलं, बोलल्या, पुन्हा तपासू, तोपर्यंत बाळांकडं नको. मीच सोडलं. पन आधी नेऱ्याला गेले, रेखाच्या घरी. ती दारात भांडी घासत व्हती. मी उब्या उब्या सगळं सांगितलं, रडले बी. ती भांडी घासतच रायली. मंग बोलली, "मंजुळाबाय, तितं सगळ्यांसमोर बोललात, आनी इतं एकटीला सांगता?" बास, एवडंच. मना बस बोलली नाय, पानी दिलं नाय. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले, सिस्टर, आया, वॉचमन, सगळ्यांना बोलावलं आनी सांगितलं, रेखाचं काय नव्हतं, माजं व्हतं. रेखाला मॅडमनी परत बोलावलं, ती आली नाय. दुसरीकडं लागलेली.

सुजाताकडं मात्र माजी हिंमत जाली नाय. कामोठ्याला जायचंच सोडलं, तितली भाजी नको, काय नको. माजं मन मना सांगायचं, त्यांना डॉक्टरांनी सांगितलंच असेल की जंतू व्हता, आता आपन जाऊन काय जखम उकरायची. अशी वर्सं गेली. पोर चौथीत गेली. एकदा त्यांची ती शेजारीन मना पनवेलच्या मच्छीबाजारात भेटली, बोलता बोलता बोलली, बिचारी सुजाता, सासू अजून तिला बोलते, तूच पोरीचा पाय वडलास, जंतू पायात कशाला जाईल, इजा जालेली म्हनून गेला. आनी ती बी तसंच धरून बसलीय, पोरीला आजून एका हातानं कदी उचललं नाय.

शीर चमकली, कोनी वडला, हे तर मी बोललेले. माजा शब्द नऊ वर्सं त्या घरात राहायला व्हता.

दुसऱ्या दिवशी गेले. सुजातानं दार उघडलं, वळखलं, आत घेतलं. मी बसले नाय. अंगठ्यापासून सगळं सांगितलं, इस्तरीचा चटका, रेखा, शीर, तेल, सगळं. ती भिंतीला टेकून ऐकत व्हती. मना वाटलं मारेल, मारलं असतं तर चाललं असतं. ती बोलली, "मी म्हटलं होतं ना, डॉक्टरला दाखवू या." मी बोलले, व्हय, तू बोललीस. मंग बोलली, "हे मला नका सांगू. आत आई आहेत, त्यांना सांगा."

काकू आता थकल्यात, कॉटवर बसून असतात. त्यांना परत पयल्यापासून सांगितलं, मोट्यानं, कारन ऐकू कमी येतं. सुजाता दारात उबी. तिनं पाय वडला नाय काकू, कोनीच वडला नाय, मना कळलं नाय म्हनून मी बोलले. काकूंनी डोळे मिटले. मना वाटलं झोपल्या का काय. मंग त्यांनी सुजाताला हाक मारली, जवळ ये बोलल्या, आनी तिचा हात धरून बसल्या. माज्याकडं न बघता बोलल्या, तू जा आता.

जिना उतरत व्हते तर खालून शाळेतून पोर वर येत व्हती. एका बुटाचा तळ जाड, कठडा धरून एक एक पायरी, पाठीवर ओझं. तिनं मना काय वळखायचं, बोलली, आजी, जरा जागा द्या ना. मी भिंतीला चिकटले. ती गेली. मी तितंच पायरीवर बसले.

आता मी कोनाचं बाळ न्हाऊ घालत नाय. सुनेचं बाळंतपन जालं, ती बोलली, आई, तुमीच घाला. मी तिला शिकवलं, हात कसे धुवायचे, नखं कशी कापायची, पाठ कशी धरायची, आनी मी लांब बसले. बाळ रडलं की बोलते, जा, दाखवून ये डॉक्टरला, आपल्याला काय कळतं. त्या पोरीचं भलं होवो, लय शिको, कोनी मधे न येवो तिच्या. मना माफी नको, मी मागितली बी नाय. तुमी विचारलंत ना ताई, लिवताना नावं बदलू का? सुजाताचं बदला, तिच्या पोरीचं तर मी सांगितलंच नाय. माजं राहू द्या. आनी रेखाचं बदलू नका. तिचं नाव एकदा खोट्यासाटी घेतलंय मी, आता खऱ्यात असू द्या.